दाजीचे सहा चौकोन

माझा दाजी पहिल्याच महिन्यात घामाघूम झाला, आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत बोभाटा झाला की कंपनीचा नवा पंप गळतो.

थांबा, नीट सांगते. मला घाई फार. बोलायची, आणि त्याहून जास्त टाईप करायची. ऑफिसात म्हणतात, ही कीबोर्डवर बसली की पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखा आवाज येतो. आत्ताही तसाच येत असणार, कारण हे सगळं मी त्याच कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सरकवून लिहितेय. मला एखादी गोष्ट कळली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

तर दाजी म्हणजे चित्रातला माणूस. जाड मिशा, कलती टोपी, पोट थोडं पुढं, पाठीवर पितळी पंप. त्याला मी नाव दिलंच नाही. आमच्याकडं बहिणीचा नवरा तो दाजी, आणि दाजीची चेष्टा करायला सगळ्या गावाला परवानगी असते. मला तसाच माणूस पाहिजे होता. चुका करणारा, लोकांनी हसावं असा, पण घरातला.

आमची कंपनी सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप बनवते. मी तिथं डीटीपीला लागले तेव्हा वीस वर्षांची होते. दरपत्रकं, हमीपत्रं, विक्रेत्यांना जायची पत्रं, सगळं मराठीत टाईप करायचं आणि प्रिंट काढून द्यायची. खरं म्हणजे मला चित्रकला शिकायची होती. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या, पुढं कोल्हापूरला जायचं डोक्यात पक्कं होतं. पण घरचं म्हणणं, चित्राला नोकरी कोण देतंय, टायपिंगला देतात. म्हणून आष्ट्यातनं रोज एसटीनं सांगलीला जाऊन टायपिंग शिकले आणि शिकल्या शिकल्या नोकरी लागली. घरच्यांचं बरोबर निघालं याचाच मला जास्त राग.

कंपनीचं दर महिन्याला चार पानी पत्रक निघायचं. विक्रेत्यांची दुकानं, दूध डेअऱ्या, गावागावातल्या सोसायट्या, सगळीकडं त्याचे गठ्ठे जायचे. शेवटच्या पानावर पंपाचा फोटो. दर महिन्याला तोच पंप, तोच कोन, मागं तोच निळा पडदा. ते पान लावायचं काम माझं, त्यामुळं त्या फोटोचा कंटाळा जगात सगळ्यात आधी मला आला. एक दिवस धीर केला आणि विक्रीच्या साहेबांना विचारलं, की या पानावर चित्रांची गोष्ट टाकू का? महिन्याला एक. पंप कसा वापरायचा, कसा नाही वापरायचा.

साहेब साताऱ्याकडचे, मिलिटरीतनं रिटायर होऊन इथं आलेले. त्यांना सतावणारी गोष्ट एकच. पंप दुरुस्तीला लय परत यायचे, आणि त्यात पंपाचा दोष थोडा, वापरणाऱ्याचा जास्त. माझं कच्चं चित्र त्यांनी हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं, दाजीच्या मिशांवर बोट टेकवलं.

"तीन महिने देतो," ते म्हणाले. "पंप परत यायचे कमी झाले तर चालू. नाही झाले तर फिनिश. पुन्हा फोटो."

मी त्याच दिवशी चित्रकलेचा कार्ट्रिज कागद आणि काळी शाई घेऊन आले. महिन्यातनं एक पान का होईना, मी टाईप न करता काढणार होते. ते पान हातातनं गेलं असतं तर मग मला उरलं असतं फक्त दरपत्रक.

पहिल्या महिन्यात दाजी औषध मोजून न घेता अंदाजानं ओततो आणि मग भर उन्हात घाबरतो, अशी गोष्ट काढली. माणूस घाबरला हे कसं दाखवायचं? लहानपणापासनं चित्रकथांत बघत आले होते तसं दाखवलं. डोक्याभोवती उडणारे थेंब. कपाळाजवळ चार, खांद्याजवळ चार. शिवाय तो मनात काहीतरी म्हणतोय हे कळावं म्हणून डोक्यावर ढगासारखा फुगा.

पत्रक गेलं आणि कराडच्या विक्रेत्याचा फोन आला. साहेब ऐकता ऐकता माझ्याकडं बघायला लागले, त्यावरनं मला कळलं की विषय माझा आहे. नंतर त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणत होता, स्वतःच्या पत्रकात स्वतःचाच पंप गळताना छापणारी कंपनी मी पहिल्यांदा बघतोय, तुमी लय प्रामाणिक माणसं. गिऱ्हाईकं दुकानात येऊन विचारायला लागली होती की नवा माल खांद्यापाशी गळतो म्हणं, खरं काय.

साहेब चिडले. मला मात्र, खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी नवल वाटलं. बरोबरच आहे की. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या खांद्याभोवती थेंब उडताना दिसले तर शेतकरी आधी काय बघणार, माणसाचं मन की पंपाचा जोड? मग मी ते पत्रक घेऊन एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, की हा डोक्यावर ढग कशाला असेल. तो म्हणाला, आभाळ आल्यावर औषध मारू नये असं सांगतोय त्यो. तेही खरंच होतं. पाऊस आला तर औषध धुऊन जातं. मी न काढलेली गोष्ट त्यानं वाचली होती, आणि माझ्या गोष्टीपेक्षा ती बरी होती.

दुसऱ्या महिन्याला मी थेंब बंद केले, ढग बंद केले. विषय घेतला फवारणीनंतर पंप धुवायचा, कारण दुरुस्तीची अर्धी भानगड तिथंच होती. पानावर सहा सारखे चौकोन आखले, वर तीन, खाली तीन, जाड काळ्या रेघांत. वरच्या ओळीत पहिल्या चौकोनात दाजी उरलेलं औषध विहिरीपासनं लांब खड्ड्यात ओततो. दुसऱ्यात पंपात स्वच्छ पाणी भरतो. तिसऱ्यात दांडा मारून ते पाणी फवाऱ्यातनं बाहेर काढतो, म्हणजे नळीतलं औषध निघून जातं. खालच्या ओळीत चौथ्या चौकोनात नोझल खोलून खराट्याच्या काडीनं साफ करतो. पाचव्यात दट्ट्याच्या चामड्याच्या वायसरवर तेल सोडतो, नाहीतर चामडं वाळून कडक होतं आणि पंप हवा धरत नाही. सहाव्यात पंप सावलीत उलटा टांगून दाजी मिशांवरनं हात फिरवतो. शब्द जवळजवळ नाहीतच. चौकोनांना आकडेही टाकले नाहीत, कारण आकडे टाकले की परीक्षेचा पेपर दिसतो असं माझं मत. साहेबांनी बघितलं आणि 'गुड' म्हणाले. त्यांचं गुड म्हणजे लोकांचा हार-नारळ.

आणि दुरुस्तीला येणारे पंप वाढले.

कमी नाही, वाढले. दुरुस्तीच्या शेडमध्ये आमचे एक मिस्त्री आहेत. पन्नाशीचे, तोंडात कायम लवंग, आणि माझी फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. ते वर ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावर, अगदी प्रिंटच्या कागदावर, एक वायसर ठेवला. वाळून खारकेसारखा झालेला.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा दाजी तेल पितो काय वो?"

मी म्हटलं, म्हणजे? तर ते सांगायला लागले. मागच्या पंधरवड्यात आलेल्या पंपांत बरेच असेच होते. नळकांड्याच्या तोंडाशी तेलाचे ओघळ, म्हणजे लोक तेल घालतायत हे नक्की. पण वायसर कोरडा. जणू तेल घातलं आणि मागाहून कुणीतरी धुऊन टाकलं. आणि पंप घेऊन येणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, पत्रकात हाय तसंच केलं.

मी पत्रक काढून त्यांच्यापुढं धरलं. आधी पाणी मारून काढायचं, मग तेल. स्पष्ट होतं. ते म्हणाले, मला बी तसंच दिसतंय, पर लोकांना काय दिसतंय कुणाला ठावं. एवढं बोलून ते खाली गेले आणि मी त्या वायसरकडं बघत बसले. मला झोंबलं ते हे, की लोकांनी माझं ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. माझं ऐकूनच पंप बिघडत होते. मग त्यांनी ऐकलं तरी काय?

साहेबांना आकडा कळला होताच. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले की तिसऱ्या महिन्याचं पान शुक्रवारी प्रेसला जाणार आणि त्यावर फोटो जाईल, तू चित्र काढायची तसदी घेऊ नको. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत मला कारण शोधू द्या. ते म्हणाले, कारण ऑफिसात बसून सापडणार आहे का? मी म्हटलं, नाही, म्हणून तर उद्या मिस्त्रींबरोबर टेम्पोतनं जाऊ द्या. त्यावर त्यांनी होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेले पंप पोचवायला टेम्पो आष्ट्याच्या पुढं जाणार होता. माझ्याच गावावरनं गेलो, पण मी घरी सांगितलंच नाही, नाहीतर आई डबा देईपर्यंत टेम्पो थांबवायला लागला असता. वाटेत मिस्त्रींनी तीनदा विचारलं की दाजीची बायको कुठली, माहेर कुठलं, ती त्याला पंप धुवायला मदत का करत नाही. मी म्हटलं ती शहाणी आहे.

पहिलं घर द्राक्षबागेच्या कडेला. अंगणात घरमालक बाजेवर बसलेला, डोळे लालभडक. मिस्त्रींनी विचारलं काय झालं, तर म्हणाला नोजल खोलताना औषध उडालं तोंडावर, डॉक्टरला दाखवलं, आता बरं हाय. हे ऐकून मी एकदम विचारात पडले. नळीतलं औषध पाण्यानं काढल्यावर नोझल खोललं तर उडणार कुठनं? म्हणजे यानं आधीच खोललं होतं. वायसरची गोष्ट गमतीची वाटत होती, ही नव्हती.

पंप धुवायचं काम त्याच्या बायकोकडं आणि त्याच्याकडं, दोघांकडं मिळून असायचं. ती बाहेर आली. माझ्याच वयाची, कडेवर पोरगं. मी कोण ते मिस्त्रींनी सांगितलं तशी ती हसली, म्हणाली, तुमी काय दाजी काढणाऱ्या, या की आत. आत नेऊन तिनं भिंत दाखवली. माझं पान तिथं होतं. पत्रकाचं शेवटचं पान नीट कापून, खिळ्याला दोरा बांधून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बरोबर खाली टांगलेलं. मला इतकं बरं वाटलं की कशाला आले तेच मिनिटभर विसरले.

मग मी तिला म्हटलं, ही गोष्ट मला सांगा बरं, बोट ठेवून सांगा. ती लाजली, म्हणाली तुमीच काढलंय, तुमाला काय सांगू. पण बोट ठेवलं.

"पैलं उरल्यालं औषध वतायचं. मग नोजल खोलायचं. मग पाणी भरायचं. मग तेल सोडायचं. मग हापसून पाणी काढायचं, आन् टांगायचं."

मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, बोटाकडं बघत होते. बोट पहिल्या चौकोनावरनं सरळ खाली आलं. मग वर गेलं दुसऱ्यावर, पुन्हा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. जराही अडखळलं नाही. नोझल पाण्याच्या आधी आणि तेल पाणी काढायच्या आधी. लाल डोळे आणि कोरडा वायसर, दोन्ही त्या एका बोटात.

मी विचारलं, की तुम्ही असं आडवं का नाही वाचलं, एकाशेजारी एक?

ती माझ्याकडं बघायला लागली, आणि मग वर कॅलेंडरकडं. "आडवं वाचलं तर रविवारनंतर रविवारच येतोय की."

मीही डोकं वर केलं. आपलं भिंतीवरचं कॅलेंडर. डाव्या बाजूला वरनं खाली वार, रविवार, सोमवार, मंगळवार, आणि तारखा वरनं खाली उतरत जातात. एक रांग संपली की पुन्हा वर, शेजारची रांग. जाड काळ्या रेघा, सारखे चौकोन, प्रत्येकात बारीक चित्रं, चंद्र, गणपती. त्या घरात रोज वाचला जाणारा छापील कागद तोच. चतुर्थी कवा, गाय कवा भरवली, माहेरी कवा जायचं, सगळं त्याच चौकोनांत. आणि मी त्याच मापाचे, तसल्याच रेघांचे सहा चौकोन काढून पाठवले होते, आणि तिनं ते बरोबर त्याच्याखाली टांगले होते. मी हे कॅलेंडर जन्मापासनं बघतेय. एकदाही लक्षात आलं नव्हतं की ते उभं वाचतात.

मला वाटलं, संपलं, सापडलं. पिशवीतनं पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथं चौकोनांच्या कोपऱ्यात आकडे टाकले, एक ते सहा, आडवे. तेवढ्यात तिची सासू आतनं आली. म्हातारी खमकी होती. तिला म्हटलं, आजी, आता बघा, आता बरोबर कळतंय का? तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. एकच्या आकड्यावर बोट, मग दोनच्या. मग कागद खाली केला.

"एक तारखेला औषध वतायचं, दोन तारखेला पाणी भरायचं," ती म्हणाली. "आवं, पंप धुयालाच सा दिस लागल्यावर फवारायचं कवा?"

मिस्त्री बाहेर जाऊन हसले. मला आतपर्यंत ऐकू येत होतं. सून म्हणाली, अत्याबाई चेष्टा करत्यात, पण म्हातारीच्या चेहऱ्यावर चेष्टा मला काही दिसली नाही. चौकोनाच्या कोपऱ्यात आकडा म्हणजे तारीख, यात चुकलं कुठं?

परत येताना मी टेम्पो आष्ट्यात थांबवला आणि उतरून घरी गेले. आईला पान दिलं, म्हटलं वाच. आईचं बोट खाली. धाकटी बहीण शाळेतनं आली, तिला दिलं. तिचं बोट आडवं, पुस्तक वाचल्यासारखं, आणि वर मला विचारते की यात वाचायचं काय आहे, सोपं आहे. वडिलांनी सगळ्यात आधी शेवटचा चौकोन बघितला. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, शेवटी पंप नीट टांगलाय ना, मग मधलं कशाला बघायचं. वडिलांचं सोडून दिलं. पण शेजारच्या घरांत, दूध डेअरीत, भेटेल त्याला पान दाखवत सुटले, आणि चित्र स्पष्ट होत गेलं. शाळेची पोरं आणि रोज पेपर वाचणारी माणसं आडवी जातात. बाकीची बरीच उभी जातात. म्हणजे मी चौकोन उभे लावले असते, तर उभं वाचणारी सुधारली असती आणि आडवं वाचणारी बिघडली असती.

आता काय? बहिणीची कात्री घेतली आणि सहाही चौकोन सुटे कापले. आई भाकरीचं पीठ मळत होती, तिच्यापुढं ते पत्त्यांसारखे पिसून ठेवले आणि म्हटलं, पंप कसा धुवायचा ते लाव. हाताला पीठ होतं म्हणून ती बोटाच्या टोकानं एकेक सरकवायला लागली. आधी हे, मग हे. मधेच म्हणाली, नोझलमधे घाण असली तर आधी काडी घालायला नको का, आणि आमचं त्यावर भांडण झालं. पण लावून झाले तेव्हा सहा चौकोन एकाखाली एक, चुलीपासनं उंबऱ्याकडं एका रांगेत होते. बहिणीला पुन्हा पिसून दिले, तिनंही तशीच एक रांग लावली, तिची फक्त वाकडी. दोघींच्या रांगेला शेजारी दुसरी रांगच नव्हती. शेजारच नसेल तर आडवं जाणार कुठं?

गुरुवारी ऑफिसात मी दरपत्रकाला हात लावला नाही. सहा चौकोनांची एकच लांब उभी पट्टी केली, हाताच्या पंजाएवढी रुंद, आकडे नाहीत, जाड चौकटी नाहीत, दोन चित्रांच्या मधे फक्त मोकळी जागा. प्रेसवाल्यांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले या मापात कागद वाया जातो, आणि पत्रकाच्या पानात ही बसणारच नाही. ते मलाही दिसत होतं. तरी घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर फोटोचं पान तयार होतं. मी सगळं सांगितलं, इतक्या भराभरा की त्यांनी दोनदा हात वर करून थांबवलं. डोळे लाल झालेल्या माणसाचं सांगितल्यावर मात्र त्यांनी हात खाली घेतला आणि विचारलं, आता कसा आहे. बरा आहे म्हटल्यावर पट्टी मागितली. स्वतः वाचली. मग हिशेबाच्या कारकुनाला बोलावलं, तो पेपर वाचणारा. मग झाडलोट करणाऱ्या मावशींना. दोघांना वेगवेगळं उभं करून, चौकशीला घेतल्यासारखं, बोट ठेवून सांगायला लावलं. मावशी म्हणाल्या, माजं काय चुकलंय का साहेब. दोघांनी तेच सांगितलं. ओतणं, भरणं, मारणं, काडी, तेल, टांगणं.

साहेब उठले, कोपऱ्यातला नमुन्याचा पंप घेतला, पट्टीच्या टोकाला भोक पाडलं आणि सुतळीनं ती पंपाच्या दांड्याला बांधली. लांब जाऊन बघितलं.

"हे पत्रकात नको," ते म्हणाले. "हे प्रत्येक पंपाला बांधून जाऊ दे."

मी अक्षरशः हवेत होते. विकला जाणारा प्रत्येक पंप, त्याला माझा दाजी. आणि मग ते खुर्चीत बसले, फोटोचं पान उचलून माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, हे प्रेसला पाठव.

मी म्हटलं, आणि पुढच्या महिन्याचा दाजी?

"पुढच्या महिन्यात पंप बदलतोय का?" ते म्हणाले. "पंप तोच, धुवायचा तसाच."

हे मला सुचलंच नव्हतं. इतकी धावले, इतकं शोधलं, चित्र एकदाचं बरोबर केलं, आणि बरोबर केलं म्हणूनच ते आता एकदाच लागणार होतं. फोटोचं पान माझ्या हातात होतं, निळा पडदा, तोच कोन. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांना म्हटलं, धुवायचं झालं, साहेब, पण भरायचं राहिलंय. औषध किती घ्यायचं राहिलंय. मिस्त्री म्हणतात लोक नोझलला तोंड लावून फुंकतात, ते राहिलंय. वारा कुठनं येतोय ते बघून मारायचं राहिलंय, पोरांना लांब ठेवायचं राहिलंय. आणि हे सगळं लोक कसं वाचतील ते मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. हे शेवटचं बोलायला नको होतं असं बोलल्यावर वाटलं.

साहेबांनी पंपाच्या दांड्याला लटकणारी पट्टी एकदा खालनं वर बघितली.

"महिन्याचं बंधन नाही," ते म्हणाले. "एकेक आण. पण आधी गावात जाऊन वाचून घ्यायचं, मग माझ्याकडं. न वाचलेलं चित्र या टेबलावर नको."

पान गेलं ते गेलंच. पत्रकाच्या मागं आजही तो फोटो आहे आणि आजही तो मीच लावते. पण पट्ट्या निघाल्या. कोरडे वायसर यायचे कमी झाले असं मिस्त्री सांगतात, आणि ते काही माझ्या कौतुकासाठी तोंडातली लवंग काढणारे नव्हेत. मालकांच्या मुलानं पुण्यात कंपनीचं इंटरनेटवर पान काढलंय, त्यात या पट्ट्या टाकल्यात. तो म्हणतो कॉम्प्युटरवर उभं चित्र चांगलं सरकतं. आमच्या ऑफिसात इंटरनेट नाही, त्यामुळं मी ते बघितलेलं नाही. तिकडची माणसं बोट कुठनं कुठं नेतात हे मला कुणीतरी बघून सांगायला पाहिजे.

आणि मागच्या सोमवारी वाऱ्याची पट्टी घेऊन शिराळ्याला गेले होते. शाईची नाही, पेन्सिलीची. आता मी शाई शेवटी लावते. विक्रेत्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून, येईल त्याच्यापुढं धरत होते. दाजी उभा, समोरनं वारं येतंय, म्हणून मी लांब वळणावळणाच्या रेघा काढलेल्या, जशा चित्रकथेत काढतात. नोझल घ्यायला आलेल्या एका काकूंनी कागद घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"एवढी नागं कशापायी सोडलीस गं शेतात?"

शेजारचा माणूस म्हणाला, नागं न्हाईत ती, धूर हाय, बांध पेटवलाय. काकू म्हणाल्या, नागपंचमीच्या शिराळ्यात राहून मला नाग वळखू येत न्हाई व्हय. मी खोडरबर काढला आणि विचारलं, मग वारं सुटलंय हे तुम्हाला कशावरनं कळतं? एक म्हणाला उसाची पानं एका अंगाला पडली पायजेत. दुसरा म्हणाला दाजीनं चिमूटभर माती सोडून बघितली पायजे, आमी तसंच बघतो. काकू म्हणाल्या, त्याची टोपी उडीव.

मी नाग खोडले आणि टोपी उडवली. तेवढ्यात दुकानात एक म्हातारबाबा आले, त्यांच्यापुढं कागद धरला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ह्येची टोपी कुणी उडीवली, भांडान झालंय काय?

मी कागद उलटा केला, मागची कोरी बाजू मांडीवर घेतली आणि बाबांना म्हटलं, बसा जरा, वारं बघायला माती कशी सोडता ते दाखवा.